दुसरा भोंगा

गुलशेर पाच वर्षं नगरपालिकेचा भोंगा वाजवत होता, आणि पाच वर्षं हंगामीच होता. पण यंदा पाच फेब्रुवारीला, काश्मिरींच्या पाठिंब्यासाठी अख्ख्या पाकिस्तानात असते त्या काश्मीरच्या सुट्टीच्या सकाळी त्यानं बायकोला छाती ठोकून सांगितलं, "नसरीन, आज नोकरी पक्की! जिल्ह्याचे डीसी साहेब जातीनं येणारेत. दहाला पहिला भोंगा, मिनिटभर मौन, मग दुसरा भोंगा. खटका खाली, खटका वर! त्यात चुकायचंय काय?"

"माझ्या आईचं माहेर सीमेपलीकडे, काश्मीरात आहे," नसरीन म्हणाली. "तेवढं एक मिनिट तरी धड पार पाडा. गेल्या वर्षी मधेच शिंकलात!"

दहाला त्यानं चौकातल्या नगरपालिकेच्या गच्चीवर खटका खाली ओढला. भोंगा घुमला, खटका वर गेला, आणि अख्खा चौक थिजला. मिनिट संपलं. गुलशेरनं खटका पुन्हा ओढला.

हूं नाही की चूं नाही. वीज गेली होती!

"या अल्ला! अकरापर्यंत जाणार नाही म्हणून शपथ घेतली होती मेल्या वीजवाल्यांनी!"

खाली कुणी हलेना. दुसऱ्या भोंग्याआधी हलणार कोण? काश्मीरची कळकळ नाही, असा गावभर बोभाटा झाला असता! हनीफ हलवाई झारा धरून कढईतल्या जिलब्या काळ्या होताना बघत होता. त्याचे डोळे भरून आले, तशी शेजारच्यांना त्याच्याबद्दल आदरच वाटला. एक बकरी मंचावर चढून डीसी साहेबांच्या गळ्यातला हार खाऊ लागली. साहेब छातीवर हात ठेवून ताठ उभे! एक झेंडू संपला, दुसरा संपला. गुलशेरला ऐन थंडीत घाम फुटला. हार संपला की बकरी साहेबांच्या कोटाला लागणार, आणि आपली नोकरी गेली!

शेवटी त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "भोंऽऽऽऽ!"

चौकानं श्वास सोडला. गुलशेर ओढलेला खटका तसाच टाकून धावत खाली आला.

"भोंगा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझाच, साहेब. माफी असावी..."

"माफी कसली? एवढं लांब मौन जिल्ह्यात कुठं झालं नसेल! शाब्बास! आजपासून तुझी नोकरी..."

वीज आली. वर भोंगा कडाडला. साहेबांचं तोंड मिटलं, हात छातीवर गेला. चौक पुन्हा थिजला.

भोंगा थांबेना. वर जाऊन खटका बंद करायला हवा होता. पण साहेब समोर उभे, आणि मौनात पळालेल्या माणसाची नोकरी पक्की होते कुठली! गुलशेर ताठ उभा राहिला.

गर्दीत नसरीननं कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या चौकात तेवढी एकटीच हलली.