उन्हाचे समन्यायी वाटप

फुकट मिळणारी गोष्ट नीट वाटली नाही, तर माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. हे सत्य सर्व समाजांना उशिरा का होईना पटतं. आमच्या इमारतीला ते वेळेवर पटलं, याचं श्रेय कार्यकारिणीला आहे. (मी कार्यकारिणीचा चिटणीस. त्यामुळे जास्त बोलत नाही.)

झालं असं, की कचऱ्यात रोज संपलेले सेल सापडू लागले. घड्याळांचे, रिमोटचे, खेळण्यांचे. अध्यक्षांना ते बघवेना. त्यांनी ठराव मांडला, की यापुढे पुन्हा पुन्हा चार्ज होणारेच सेल वापरायचे, आणि तेही विजेवर नाही, उन्हावर चार्ज करायचे. मग वहीएवढं एक सौर पॅनेल आलं, सोबत दोन सेल मावतील असा डबा. ते गच्चीवर बसवलं, फीत कापली आणि त्याच समारंभात प्रत्येक घरातला विजेवरचा चार्जर जमा करून कार्यालयाच्या कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे आहे. ती कुठे ठेवली, हे ते आठवून सांगणार आहेत.

पॅनेल एक आणि घरं चोवीस, म्हणजे भांडण ठरलेलंच. पण मोजून पाहिलं तर दिवसाचे तासही चोवीसच निघाले, आणि सभा अक्षरशः भारावली. प्रत्येक घराला एक तास, तोही चिठ्ठ्या टाकून. वशिला नाही की काही नाही. मागून कोणीतरी शंका काढली, की रात्रीच्या तासांचं काय.

"म्हणजे रात्रीवाल्यांना वगळायचं?" अध्यक्ष म्हणाले. "त्यांनी काय घोडं मारलंय?"

यावर टाळ्या पडल्या. सर्वात जोरात त्यांनीच वाजवल्या, ज्यांना नंतर रात्रीचे तास आले. मला दुपारी बारा ते एक हा तास आला. (चिठ्ठ्या मीच उचलल्या, पण डोळे मिटून.)

योजनेला सहा महिने झाले. आकडे बोलके आहेत. चोवीसपैकी बारा तासांना ऊन नाही. उरलेल्या बारांपैकी चार तास पाण्याच्या टाकीची सावली असते. राहिले आठ. त्या आठ घरांपैकी पाच घरांत सेलवर चालणारी वस्तूच नाही. आजवर एकूण सात सेल पूर्ण भरले. त्यातले चार वर नेतानाच भरलेले होते. तरीही एकाही सभासदाचा तास दुसऱ्याला गेलेला नाही, आणि समन्याय म्हणतात तो हाच. रात्री नऊ ते दहावाले विमा एजंट तर एक दिवस चुकवत नाहीत. सेल भरत नाहीत याचा दोष ते पॅनेलच्या कंपनीला देतात.

माझ्याकडेही सेल नाहीत. घड्याळ किल्लीचं आहे. पण तास रिकामा सोडला तर उद्या कोणी त्यावर वहिवाट सांगेल, म्हणून मी रोज बाराला वर जाऊन डब्याचं झाकण उघडतो आणि एकला लावतो. ऊन सरळ डोक्यावर असतं. कर्तव्य म्हटलं की सोसावं लागतं.

एकच किरकोळ अडचण आली, ती दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंची. बाई एकट्या राहतात आणि मुलांना पाढे शिकवून घर चालवतात. त्यांना कमी ऐकू येतं; त्यासाठी त्यांच्याकडे खिशात ठेवायचं जुनं श्रवणयंत्र आहे, दोन सेलवर चालणारं. त्यांना संध्याकाळी सात ते आठ हा तास आला. तासभर स्वतः हजर राहायचं, असा नियम आहे. बाई नियम पाळणाऱ्या. रोज कठडा धरून वर जातात, सेल लावतात, पालथ्या बादलीवर बसून अंधार बघतात आणि आठला खाली येतात.

परिणाम शिकवणीवर झाला. एका मुलाने मोठ्याने म्हटलं, "आठ साते चोपन्न." बाईंनी त्याच्या ओठांकडे बघून म्हटलं, "शाब्बास." ते त्याच्या आईने दारातून ऐकलं. सात मुलांची दोन झाली.

बाई माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमचा तास मला मिळेल का? ही दोन मुलं गेली, तर मी खायचं काय?"

मी कागदावर लिहून दाखवलं, की अदलाबदलीचा नियम नाही, तरी सभेपुढे विषय ठेवतो. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, नुसतं झाकणच उघडता ना? तिचे सेल ठेवा की त्यात."

"आणि मग नियम कशाला केलेत?"

"तेच विचारतेय मी," ती म्हणाली आणि आत गेली. बायकांना प्रशासन कळत नाही.

सभेत विषय रीतसर आला. अध्यक्षांनी बाईंकडे बघून विचारलं, "आपली वाटपाबद्दल काही तक्रार आहे का?" बाई पहिल्या रांगेत होत्या. सगळे आपल्याकडे वळून बघताहेत म्हणून त्या संकोचून हसल्या. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. त्या तीनदा हसल्या. मी नोंद केली: तक्रार नाही, सभासद समाधानी. सभागृहात त्या वेळी आणखी एकतीस माणसं होती आणि सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

गेल्या आठवड्यात उरलेली दोन मुलंही गेली. बाई आता घर सोडून भाचीकडे राहायला जाणार आहेत. निघायचा दिवस अजून ठरायचा आहे, पण सातला वर जाणं त्यांनी चुकवलेलं नाही.

हे ऐकून इमारतीत फार हळहळ झाली. जिन्यात, दारात, फोनवर, जो तो म्हणतो, कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. लोकांच्या भावनेचा मान राखून मी एक कागद फिरवला: ज्यांना आपला तास वापरायचा नाही, त्यांनी तो बाईंना लिहून द्यावा. चोवीस घरं फिरून कागद कोरा परत आला. (माझीही सही नाही. चिटणीसाने पायंडा पाडू नये.)

इथवर वाचताना आपल्यालाही बाईंबद्दल वाईट वाटलं असेल, आणि माझा थोडा रागही आला असेल. तो कागद मी आता आपल्याकडे पाठवतो आहे. आपल्याकडेही काहीतरी बारा ते एक नुसतं झाकण उघडं ठेवून पडलेलं असेलच, ते कोणाच्या नावे करायचं तेवढं लिहा. सही नसेल करायची, तर संकोच नको, कोराच परत पाठवा. आपल्याला हळहळ वाटली, अशी नोंद मी करून ठेवली आहे.