जालिंदरच्या लग्नाचा गोठा

गाईंना दिवसरात्र दाव्याला जखडू नका, मोकळ्या सोडा, असं जनावरांचा डॉक्टर वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत होता. गाईंची ढोपरं सोलून निघाली, तरी धर्माजीनं ते कानाआड केलं. पण "रोज शेण काढायला पोरगी द्यायची न्हाई," असं म्हणत एकामागून एक स्थळं त्याच्या जालिंदरला नाकारायला लागली, तेव्हा मात्र बापाला गाईंचा असा काही कळवळा आला की विचारू नका! मुक्त गोठ्यात रोज शेण काढावं लागत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. लगेच खुंटे उपटले, भोवतीनं जाळी ठोकली, आणि ओतूरच्या हौशीरामला निरोप गेला, "पोरीला घेऊन घर बघायला या."

पाहुणे गोठ्यापाशी आले आणि बघतात तर काय, एवढी मोकळी जागा सोडून साऱ्या गाई जुन्या खुंट्यांच्या जागी ओळीनं उभ्या! सारा जन्म दाव्यात गेलेला, त्यांना तरी काय ठाऊक?

"ह्या तर बांधल्यात की राव," हौशीराम म्हणाला.

"छ्या! मोकळ्या हायेत. लई फिरत्यात!" असं म्हणून धर्माजी जालिंदरच्या कानाशी लागला, "हाण की एक!"

गाय सुखात आहे हे दाखवायला तिलाच काठी घालायची, हा कुठला न्याय! पण जालिंदरनं घातली. गाय उधळली, तिच्यामागं बाकीच्या उधळल्या, आणि पांढऱ्याशुभ्र शर्टातला नवरा मुलगा शेणात उताणा पडला. पोरीनं तोंडावर ओढणी धरली. जालिंदरची आई ठमाबाई पोह्यांचं ताट घेऊन दारातच थिजली.

हौशीरामचं मात्र यांच्यातल्या कुणाकडंच लक्ष नव्हतं. तो जाळी हलवून बघत होता, पावलांनी गोठा मोजत होता, मोबाईलवर फोटो काढत होता. "झकास केलंय भाऊ!" जाताना तो म्हणाला. धर्माजीचा जीव भांड्यात पडला.

आठवड्यानं हौशीरामचा फोन आला.

"पोरगी न्हाई म्हणती. तिला पुण्यातला नोकरीवालाच पायजे."

"मग फोन कशाला केला, पावणं?"

"ती जाळी कुठनं आणली, तेवढं सांगा. आमच्या पोराचं, स्वराजचंबी लगीन कुठं जमंना. म्हणलं, आपुनबी असाच गोठा बांधून बघावा."

मोबाईल भिंतीवर आपटावा, असा संताप धर्माजीला आला. पण त्यानं मुकाट्यानं जुन्नरच्या दुकानाचं नाव सांगितलं.

ठमाबाई लगबगीनं जवळ आली. "काय म्हणत व्हते?"

"गोठा पसंत हाय," धर्माजी म्हणाला.