पोडियमची पट्टी आणि अर्धा मिलिमीटर

"चूक? आणि माझ्या हातून? अहो, चौतीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढल्यात मी! चूक मला लांबून बघूनच रस्ता बदलते!"

वेलांटीकाका हे वाक्य दिवसातून सरासरी तीनदा म्हणत. समोर कुणी असण्याची अट नव्हती. ते निवृत्त मुद्रितशोधक. म्हणजे दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने छापायचं आणि यांनी मधे बसून लाल पेन्सिलीने सगळ्यांचा पाणउतारा करायचा. जन्मात स्वतः एक ओळ लिहिलेली नाही, पण हजारो लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या. म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

निवृत्तीनंतर ते 'पुरुष सुतारकाम मंडळा'त दाखल झाले. वाचनालयाच्या मागे एक पत्र्याची शेड होती. रोज सकाळी नऊ ते एक तिथे काही ज्येष्ठ पुरुष जमत आणि लाकडावर अत्याचार करत. समाजोपयोगी वस्तू फुकट बनवून द्यायच्या, हा मंडळाचा उद्देश. वर्षभरात त्यांनी समाजाला बरंच काही दिलं होतं. बागेतला एक बाक, ज्याच्या एका टोकाला कुणी बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप उभा राहायचा. पक्ष्यांसाठी एक घरटं, ज्यात आजतागायत एकही पक्षी शिरला नव्हता. एक चिमणी दारापर्यंत येऊन आत डोकावून गेली, एवढंच. आणि बालवाडीसाठी तीन पायांचं स्टूल. मुळात ते चार पायांचं होतं.

मंडळात मुख्य माणसं चार. वेलांटीकाका तर आलेच. दुसरे दातांचे डॉक्टर, निवृत्त. लाकडाला भोक पाडण्याआधी त्यांच्या तोंडून अजूनही "आता किंचित दुखेल हं" असं निघायचं. तिसरे बसवाले. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. फळी कापताना ती जराशी हलली तरी ते "पुढे सरका, पुढे सरका!" असं तिच्यावर ओरडत. आणि चौथे सुतारमामा. हे खरेखुरे सुतार. हयात रंधा मारण्यात गेलेली. मंडळात सुतारकाम येणारा हा एकमेव माणूस असल्यामुळे त्यांचं कुणीही ऐकत नसे.

एके दिवशी ग्रंथपालबाई शेडमध्ये आल्या. त्यांनी आधी तिथल्या स्टुलाकडे पाहिलं, मग उभ्याच राहिल्या.

"वाचनालयाचं नवं सभागृह तयार होतंय," त्या म्हणाल्या. "भाषणासाठी पोडियम हवाय. तीन आठवडे देते. नीट झाला तर ही शेड तुमची. नाही झाला, तर इथे वाचकांच्या स्कूटर लावायच्या, असं समितीचं म्हणणं आहे."

"समितीला सांगा," वेलांटीकाका छाती काढून म्हणाले, "स्कूटरी दुसरीकडे लावा!"

"स्कूटर," बाई म्हणाल्या. "अनेकवचनही स्कूटरच."

काकांना त्या रात्री झोप लागली नाही. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तर काकांनी स्वतःची देखरेखीवर नेमणूक केली. कुणी नेमलं, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. हातात काटकोन तपासायचा गुण्या, कानावर लाल पेन्सिल. डॉक्टरांनी भोक पाडलं की हे भोकाभोवती लाल गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह टाकत. बसवाल्यांनी फळी कापली की फळीवर लिहीत, 'पुन्हा पाहावे'. पोडियमवर लाकडापेक्षा लाल रंग जास्त दिसायला लागला. शेवटी सुतारमामांनी एक युक्ती केली. दुपारी सगळे घरी गेले की ते गुपचूप परत येत आणि पोडियम बनवत. त्यामुळे तो खरोखरच चांगला झाला! तुकतुकीत पॉलिश, सरळ कडा आणि वरच्या उतरत्या फळीच्या खालच्या टोकाला एक सुबक पट्टी. वक्त्याचे कागद घसरून त्याच्या पायावर पडू नयेत म्हणून.

सभागृहाच्या उद्घाटनाच्या दिवशी पोडियम व्यासपीठावर विराजमान झाला. कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटं होती. घरून कपडे बदलून आलेली मंडळी एकमेकांची पाठ थोपटत होती, सगळं छान चाललं होतं. आणि काकांनी खिशातून गुण्या काढला.

"मामा! ही पट्टी वाकडी आहे!"

"कुठे?"

"डावीकडे अर्धा मिलिमीटर वर गेलीय."

"अहो, ती पट्टी फक्त बोलणाऱ्याला दिसते," मामा म्हणाले. "आणि बोलणारा कधी खाली बघतो?"

"मी बघतो!" काका म्हणाले, आणि त्यांनी पटाशी घालून पट्टी उचकटली.

मामांनी डोळे मिटले. "आता ती लावायला गोंद, शिकंजा आणि एक अख्खी रात्र लागेल."

"रात्र कशाला? हे बघा!" काकांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली. ट्यूबवर लिहिलं होतं, 'एक थेंब पुरे'. हा मुद्रणदोष असणार हे काकांच्या अनुभवी नजरेने ताबडतोब ओळखलं आणि त्यांनी अख्खी ट्यूब रिकामी केली. पट्टी बसवली. दोन्ही तळवे वर दाबले. सूचनेत 'दहा सेकंद दाबून धरा' असं होतं. काका कामाला पक्के. त्यांनी शंभरपर्यंत मोजलं.

एकशे एकला त्यांनी हात उचलले. म्हणजे, उचलायचं ठरवलं. ठराव मंजूर झाला, अंमलबजावणी झाली नाही.

"मामा," काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "हात येत नाहीयेत."

मामांनी वाकून बघितलं. "गरम पाणी आणि साबण आणतो. तोपर्यंत ओढू नका." आणि ते घाईने निघाले.

इकडे दारं उघडली. लोक आत यायला लागले. सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत काकू येऊन बसल्या. डॉक्टर आणि बसवाले व्यासपीठावर धावले.

"हलू नका," डॉक्टर कुजबुजले. "ओढलं तर कातडी जाईल. यापूर्वी कधी भूल घेतलीय?"

"मागून धरतो आणि एकदम खेचतो," बसवाले म्हणाले आणि त्यांनी काकांच्या कमरेला मिठी मारली.

"सोडा! लोक बघताहेत! पट्टी निखळली होती हे समितीला कळलं तर शेड गेली म्हणून समजा!"

दोघे विंगेत सरकले. तेवढ्यात ग्रंथपालबाई प्रमुख पाहुण्यांना घेऊन आल्या. पाहुणे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. हातात टाइप केलेलं भाषण, बावीस पानी. दोन्ही बाजूंनी. त्यांच्या भाषणांची ख्याती अशी, की मागच्या वर्षी एका श्रोत्याच्या चष्म्याचा नंबर भाषणादरम्यान वाढला होता.

बाईंनी पाहिलं, की काका पोडियमला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे आहेत, माइक चालू आहे आणि नजर समोर रोखलेली आहे. त्यांचा व्हायचा तोच समज झाला.

"आधी मंडळातर्फे दोन शब्द बोलायचे आहेत वाटतं," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "दोनच हं, काका."

पाहुणे नाइलाजाने खुर्चीत बसले. दोनशे डोळे काकांवर खिळले.

"मित्रहो," काका म्हणाले. पुढे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हा... पोडियम आहे."

टाळ्या.

"हा लाकडाचा आहे."

टाळ्या जरा कमी.

"मी याला... सोडू शकत नाही. इतकी माझी याच्याशी जवळीक झालीय."

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. विंगेत मामा बादली घेऊन उभे राहिले आणि हातवारे करायला लागले. डॉक्टरांनी त्यांना खेकसून सांगितलं, "गप्प बसा हो मामा, कार्यक्रम चालू आहे!" 

विषय संपला होता, गोंद संपला नव्हता. मदतीसाठी त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि ती मागच्या फलकावर पडली. अंगात एकदम वीज संचारली!

"मित्रहो! माझ्या मागे बघा! 'प्रमुख पाहुणे' यात 'हु' दीर्घ काढलाय! पाहुण्यांचा 'हु' ऱ्हस्व असतो! पाहुणे नेहमी ऱ्हस्वच असावेत, दीर्घ पाहुण्यांचा त्रास होतो!"

सभागृहात असा हशा उसळला, की पंखे क्षणभर थांबल्यासारखे वाटले. प्रमुख पाहुण्यांनी बावीस पानं छातीशी धरली.

मग काका सुटलेच. हात सुटत नव्हते, पण जीभ सुटली. "दारावरची पाटी! 'महत्त्वाची सूचना'! त्यात 'सु' ऱ्हस्व आणि 'महत्त्वा'तला एक त बेपत्ता! कुणाला सापडल्यास वाचनालयात आणून द्यावा! नळावर काय लिहिलंय? 'पीण्याचे पाणी'! अहो, इतकी मोठी वेलांटी पाहून माणसाची तहान जाईल!"

पंचवीस मिनिटं! लोक खुर्चीत मागे-पुढे डोलत होते. ग्रंथपालबाईंच्या चेहऱ्यावर सगळे रंग येऊन गेले, कारण पाट्या त्यांनीच लिहून दिल्या होत्या. त्यांनी आभाराचा गुच्छ पुढे केला. याचा अर्थ कुठल्याही देशात 'आता बसा' असाच होतो. काकांनी वाकून तो दातांत धरला.

आता मात्र तिसऱ्या रांगेत काकूंना राहवेना. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने 'मीठ कमी आहे' याच्या पलीकडे सलग भाषण केलं नव्हतं. आणि आता तोंडात फुलं? काकूंच्या मनात नको नको ते आजार येऊन गेले. त्या तरातरा व्यासपीठावर चढल्या, त्यांनी आधी तोंडातला गुच्छ काढला.

"अहो, काय होतंय तुम्हाला? चक्कर येतेय का? सोडा बघू ते टेबल!"

"अगं, सुटत नाहीये," काका पुटपुटले. "गोंदाने हात चिकटलेत. पट्टी निखळली होती. कुणाला कळू देऊ नकोस!"

माइक फार चांगल्या प्रतीचा होता. शेवटच्या रांगेत, कमी ऐकू येणाऱ्या एका आजोबांनीसुद्धा मान डोलावली.

पुढचं दृश्य वर्णन करणं अवघड आहे. पितळ उघडं पडलंच आहे म्हटल्यावर मंडळाने उघडपणे बचावकार्य हाती घेतलं. डॉक्टर ड्रिल घेऊन आले, म्हणाले, "आ करा," मग चूक लक्षात येऊन पट्टीकडे वळले. बसवाल्यांनी करवत लावली. "जरा पुढे... पुढे... बस, थांबा!" प्रमुख पाहुण्यांना वाटलं त्यांना बोलावलंय, ते उठून पुढे आले आणि नेमक्या त्याच क्षणी पोडियमची वरची फळी सुटून त्यांच्या बावीस पानांवर आदळली. भुसा, पानं, फुलं! खालून कुणीतरी "पुन्हा एकदा!" असं ओरडलं.

शेवटी पोडियम खाली आडवा झाला आणि काका मोकळे झाले. मोकळे म्हणजे, दोन फुटांची पट्टी दोन्ही हातांत, सायकलचं हँडल धरल्यासारखी.

तेव्हा कुठे सुतारमामांना पुढे यायला वाट मिळाली. त्यांनी बादली टेकवली. कोमट पाणी, साबणाचा फेस. काकांचे हात आत बुडवले, हळूहळू चोळले. दहा मिनिटांत एक हात सुटला. पाठोपाठ दुसरा.

"मामा!" काका कळवळून म्हणाले. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"पंचवीस मिनिटं सांगत होतो," मामा म्हणाले. "मला गप्प बसवलं. मग मीही ऐकत बसलो. बोलता चांगलं हो तुम्ही."

भाषणाची पानं गोळा होईपर्यंत लोक निघूनही गेले होते. प्रमुख पाहुण्यांना एकवीस पानं मिळाली. बाविसावं अजून सापडलेलं नाही. शोधायची कुणाला घाई नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंनी मंडळाला बोलावलं. चौघेही शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहिले. काकांचे तळवे लालबुंद झाले होते. रात्रभर त्यांना शेड दिसत होती, आणि शेडमध्ये स्कूटर.

"बाई, चूक माझी," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, त्यामुळे वाक्य जरा अडखळलं. "पोडियम उत्तम झाला होता. मामांनी केला होता. मला शेडमधून काढा, पण यांना राहू द्या."

बसवाल्यांनी नाक ओढलं. डॉक्टर छताकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "काढू नका त्यांना. फक्त गुण्या काढून घ्या."

"शेड तुमच्याकडेच राहील," बाई म्हणाल्या. "समितीचा विचार वेगळा होता, पण आज सकाळी दार उघडायच्या आधीच हा अर्ज आलाय. तुमच्या घरच्यांनी दिलाय. सगळ्यांच्या सह्या आहेत."

काकांना भरून आलं. सर्वांत वर काकूंची सही होती! काल एवढी शोभा होऊनही ही बाई आपल्या नवऱ्याच्या कलेमागे उभी राहिली! त्यांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अर्ज वाचायला घेतला.

"'माननीय ग्रंथपालबाई, कालच्या प्रकाराची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. तरीसुद्धा सदर शेड आमच्या घरच्या पुरुषांकडून कृपया काढून घेऊ नये. ते तिथे असतात तेव्हा घरी नसतात, या बाबीचा सहानुभूतीने विचार व्हावा...'"

काकांचा आवाज जरा खाली आला.

"'त्यांनी काही बनवलंच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. वेळ मात्र नऊ ते एकऐवजी नऊ ते सहा करता आल्यास बरं होईल. तसेच शेड रविवारी बंद का असते, याचा समितीने खुलासा करावा.'"