समजा वहिनी, तुम्ही मेल्या

शैला गुरुवारी सकाळी गेली. ती माझी बायको. संध्याकाळी चहाच्या वेळेला रामटेके आले, दाराशी उभे राहिले आणि काही बोलले नाहीत.

रामटेके बोलले नाहीत, ही बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीत बातमी होती. कारण वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ त्याआधी कित्येक महिने रोज त्याच वेळेला आमच्या घरी येऊन, चहा पिता पिता, शैलाला ठार मारत असत.

रामटेके मूळचे भंडाऱ्याचे. सित्रातल्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचे, म्हणजे लोकांनी हेल्मेट घालावं म्हणून ओरडायचे. मग कंपनीनं तो विभागच बंद केला. बहुधा सगळे सुरक्षित झाले असावेत. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एका इन्शुरन्स एजन्सीनं नोकरी कबूल केली. अट एकच: लाइफ आणि हेल्थच्या लायसन्सची परीक्षा आधी पास व्हायची. "लायसन्स नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर भंडारा," असं ते म्हणत. भंडाऱ्यात त्यांचं कोणी उरलं नव्हतं. लग्नाचं विचारलं की "राहून गेलं जी" म्हणायचे, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं.

अभ्यासाची त्यांची पद्धत वेगळी होती. पुस्तकातला नियम त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. त्यासाठी ओळखीचा माणूस मरावा लागे. "समजा, तुम्ही मेले," अशी सुरुवात करून ते समोरच्याला अपघात, हृदयविकार किंवा बुडणं यांपैकी काहीतरी बहाल करत आणि मग त्याचा क्लेम मंजूर होतो का ते बघत. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, मल्याळी माणसाला त्यांनी हिंदीतून मारलं. त्यानं दह्याचा डबा जरा जोरात काउंटरवर ठेवला, इतकंच. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत मंडळाच्या अध्यक्षांच्या पानातला दुसरा मोदक पाहून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "शुगर आधीपासून आहे का? फॉर्मवर लिहिली नसेल तर मेल्यावर काही भेटत नाही, साहेब." अध्यक्षांनी मोदक परत ठेवला. त्यानंतर दिवाळीला रामटेक्यांना वर्गणीचा मेसेज आला, जेवणाचा आला नाही.

लोक त्यांना लिफ्टमध्ये टाळू लागले. शैलानं मात्र मरणाला कधी नाही म्हटलं नाही. चहा ओतता ओतता ती विचारायची, "आज कशानं मरू भाऊजी? काल अपघात झालाय. आज जरा झोपेत जाऊ द्या." रामटेके गंभीरपणे पुस्तक चाळत. एकदा तिनं फॉर्मवर बीपी लपवल्याचं कबूल केलं आणि त्यांनी तिचा क्लेम फेटाळला. ती खरोखर रागावली. त्या दिवशी त्यांना बिस्किट मिळालं नाही.

एक धडा त्यांनी आम्हाला फार मन लावून समजावला होता. ज्याच्या मरण्यानं आपलं नुकसान होतं, त्याचाच विमा आपल्याला काढता येतो. नवरा-बायकोला काढता येतो, मालकाला नोकराचा काढता येतो. नुसत्या मित्राला किंवा शेजाऱ्याला येत नाही.

"म्हणजे मी मेले तर तुमचं काहीच नुकसान नाही?" शैला म्हणाली.

"कायद्यानं नाही, वहिनी."

"चहाचं होईल," ती म्हणाली, आणि कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

ती गेल्यावर रामटेके येत राहिले. पुस्तकही आणत. पण बहारीनमधला मृत्युदर एकदम शून्यावर आला. "समजा, तुम्ही साठ वर्षांचे झाले," ते म्हणत. "धडधाकट. पॉलिसी पिकली. सगळे पैसे हातात." दुसऱ्या दिवशी मी सत्तरीचा होई. कोल्ड स्टोअरवाला नव्वदीला पोचला आणि अध्यक्षांची शुगर बरी झाली. मी त्यांच्याकडून सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायचो. पॉलिसी पिकण्याचे सगळे प्रश्न बरोबर, आणि मृत्यूच्या क्लेमचं प्रकरण कोरं. निम्मी परीक्षा त्याच प्रकरणावर होती. रेसिडेन्सीची मुदत संपत आली होती आणि हा माणूस एका जिवालाही धक्का लावायला तयार नव्हता.

मी शाळेत शिकवतो. विद्यार्थी नापास होताना मी पुष्कळ पाहिले आहेत, पण दयेपोटी नापास होणारा हा पहिलाच. शेवटी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणालो, "रामटेके, आज मी मरतो. विचारा."

"राहू द्या जी, सर."

"यल्ला, चला, विचारा. शैला रोज मरायची तुमच्यासाठी. एकदा कंटाळली नाही."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा बराच आवाज झाला. आमच्या घरात त्यांनी चहा केला तो त्या दिवशी पहिल्यांदा. दोन कप घेऊन आले. साखर भरमसाट होती. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि पुस्तकाकडेच बघत हळू विचारलं, "समजा, तुम्ही गेले. मागे कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो. आम्हाला मूल नव्हतं; उत्तर बरोबर होतं.

रामटेक्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "आता तुम्ही विचारा. वहिनींनाही घ्या. अपघात घ्या." आणि आम्ही ते प्रकरण संपवलं. शैला त्यात तीनदा गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी बीपी लपवूनही तिचा क्लेम मंजूर केला आणि मी तो खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल तिथल्या तिथे मिळाला. पास झाले. काठावर, पण पास. पेढे नव्हते म्हणून खालून खजूर घेऊन आले. एक सोपा प्रश्न मुद्दाम चुकवला, असं सांगताना जरा ओशाळले होते. शेजाऱ्याच्या मरणानं शेजाऱ्याचं नुकसान होतं का, असा काहीसा तो प्रश्न होता. त्यांनी 'होतं'वर खूण केली.

"उत्तर येत होतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"येत होतं जी. पाठच होतं." खजुराची बी हातात घेऊन ते टाकायची कुठे ते बघत राहिले. "पण चहाचं नुकसान होते ना, सर."

त्यांचा व्हिसा झाला. इमारतीतल्या कोणीही त्यांच्याकडून अजून पॉलिसी घेतलेली नाही. संध्याकाळचा चहा आता रामटेके करतात. मी तो पितो.