सोड्यात वायू आढळला नाही

२००४ साली नाशिकच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर आला. सिन्नरकडच्या एका गावात नळाचं पाणी सोडणाऱ्या खंडेरावांना हे कळल्यावर फार बरं वाटलं. विहिरीच्या पाण्यातला हाच वायू गावची लोखंडी पाइपलाइन आतून खात होता. वायू असल्याचा कागद मिळाला, तरच नवी लाइन मंजूर होणार होती. नाहीतर उन्हाळ्यात पुन्हा डोक्यावर हंडे.

बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी, असं सूचनापत्रात होतं. खंडेरावांनी तशीच आणली. आवक टेबलावरच्या वाल्मीकने ती उघडली, हुंगली आणि आत पाणीच असल्याची नोंद केली. मागे कुणीतरी रॉकेल आणून दिलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. झाकण ही वेगळी वस्तू असल्याने ते वेगळ्या कपाटात गेलं. नमुने गुरुवारी तपासत. सहा दिवस उघड्या राहिलेल्या बाटलीत सेन्सरला वायू सापडला नाही.

खंडेराव म्हणाले, वायू उडून गेला, यंत्रच विहिरीवर न्या. पण यंत्र कार्यालयाच्या डेडस्टॉक नोंदवहीत चढलं होतं, त्याला इमारत सोडता येत नव्हती. विहीर इकडे आणणं शक्य आहे काय, अशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी लेखी विचारणा केली.

तिसरा नमुनाही शून्य आल्यावर साहेबांना यंत्राचीच शंका आली. ज्यात वायू नक्की असतो, असं काहीतरी तपासा, असा आदेश निघाला. फाटकासमोरच्या सुमनबाईंच्या गाडीवरून गोटी सोडा मागवला. वाल्मीकने रीतसर गोटी दाबली, बाटली हुंगली, नोंद केली. पुढच्या गुरुवारी सोडाही शून्य आला.

"यंत्र चोख आहे," साहेब म्हणाले. "सोड्यात नाही, तर तुमच्या विहिरीत कुठून येणार?"

अहवालावर शिक्का बसला. पाइप गावकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे कुजल्याचं खाली नमूद झालं. सुमनबाईंना फसवणुकीची नोटीस गेली.

खंडेराव गाडीपाशी आले, तेव्हा सुमनबाईंनी त्यांच्यासमोरच गोटी दाबली. फेस त्यांच्या हातातल्या अहवालावर उडाला.

"हेच वर नेऊन दाखवतो," खंडेराव म्हणाले.

"न्या की, भाऊ. वाल्मीक दारातच उघडून ठेवेल."

खंडेरावांनी मग बाकड्यावर सोडा पीत बसलेल्या गिऱ्हाइकांपुढे कागद धरला. "तुमी तरी साक्ष द्या. गॅस हाय का नाय यात?"

कागद हातोहात फिरला. प्रत्येकाने शिक्का निरखून पाहिला.

"सरकारी अहवाल आहे. नसेलच गॅस," एकजण म्हणाला आणि त्याने खणखणीत ढेकर दिला. "पाइप तुम्हीच फोडले असतील, काका."

बाकीच्यांनीही ढेकर देत माना डोलावल्या. त्यांत तुम्हीही होता.