चोपन्न किलोंचा हिशोब

भिंतीवर तळहाताएवढा एक डाग होता. वाटूरच्या त्या अंगणात कडुनिंबाला सरकीचं पोतं टांगलेलं होतं. भावनाच्या ठोशाने ते झुलून जिथे टेकायचं, तिथला चुना निघाला होता. हल्ली डाग वाढत नव्हता. पोतं भिंतीपर्यंत पोचतच नव्हतं!

"पोचंल!" तिचे काका अप्पाराव म्हणाले. "वजन वाढलं की ठोसा वाढतो. साधा हिशोब हाय!"

भावना एकावन्न किलोच्या गटात खेळायची. तिथे मुली ढीगभर, चोपन्नमध्ये मोजक्याच. पुतणी तीन किलोंनी भरली की जिल्ह्याची निवड घरात, असं अप्पांचं गणित. भावनाला ते पटलं नव्हतं. पण तिला पहिले बॉक्सिंगचे हातमोजे अप्पांनीच आणून दिले होते, म्हणून नकार ती रोज उद्यावर ढकलायची. तोंड उघडलंच, तर गोजरबाईकाकू त्यात डिंकाचा लाडू ठेवायच्या. भरल्या तोंडाने माणूस काय नकार देणार?

वजन वाढलं. आज तिच्या प्रशिक्षक सरांना गट कळवायचा होता, म्हणून अप्पांनी सकाळीच अर्धी गल्ली चहाला बोलावली. चोपन्न किलोतली कौसल्याही सरावाला परतूरहून आली होती.

"बघा आता! एका ठोशात पोतं भिंतीला!"

भावनाने सगळा जीव एकवटून ठोसा मारला. पोतं रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं जरासं हललं आणि स्वस्थ झालं.

"पोत्याचं राहू दे, माणसावर दाखव!" अप्पांनी कौसल्याला पुढे केलं.

ज्या उजव्या हाताच्या ठोशाने एकावन्नच्या पोरी गिरक्या खायच्या, तोच हात कौसल्याच्या हेडगार्डवर बसला. कौसल्याने डोळे मिचकावले.

"मारला का? मी वाट बघून राह्यले."

गल्ली खदखदली. "दृष्ट लागली माझ्या लेकराला!" म्हणत काकूंनी निखाऱ्यावर मीठ-मिरच्या टाकल्या. भावनाची दृष्ट काढली, मग पोत्याची! अंगणभर ठसका उठला. शेजारचे राधेश्याम खोकत मागे सरले आणि तोल सावरायला पोत्यालाच लटकले. जुना दोर तुटला. पोतं धाडकन चहाच्या किटलीवर!

चौघांना ते उचलेना.

"अप्पा, सरकी हाय का सळया?" राधेश्याम ओरडले.

अप्पांनी मान खाली घातली. "दर आठवड्याला काठीनं ठासून भरत गेलो. पोरीचं वजन वाढून राह्यलं, मंग पोत्याचं नको वाढाया?"

"बराबर केलं, काका," कौसल्या म्हणाली. "आमच्या गटात असंच. हिचा ठोसा हाय तेवढाच हाय. पुढची मात्र ठासून भरलेली!"

भावनाने कमरेला हात लावून पाहिला. तीन किलो इथे बसले होते, खांद्यात नाही. ठोशाला त्यांनी हातभार लावला नव्हता. नुसते सोबत फिरत होते.

तिने अर्धी सरकी उपसली. पोतं नव्या दोराने पुन्हा टांगलं. एक उजवा!

भिंतीचा चुना झडला. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"मंग सत्तावन्नमध्ये तर..." अप्पांनी सुरुवात केली, तेवढ्यात फोन वाजला. सर विचारत होते, गट कोणता? काकूंचा लाडू तोंडाशी आलाच होता. भावनाने तो हात हळूच बाजूला केला.

"एकावन्न, सर! स्पर्धेला वेळ हाय, तवर पळून उतरवते. अन् अप्पा, आजपासून लाडू पोत्याला चारा!"