पट्ट्याची की ठिपक्यांची?

अळ्या भिंतीपलीकडून येत होत्या, याबद्दल थोरल्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सकाळी त्याने आपल्या बाजूच्या फांद्यांवरच्या सगळ्या अळ्या वेचून रंगाच्या रिकाम्या डब्यात भरल्या होत्या, आणि दुपारची झोप काढून बाहेर येतो तो फांद्यांवर पुन्हा तेवढ्याच. काळ्या, केसाळ, पाठीवर डोक्यापासून शेवटापर्यंत एक सलग पिवळट पट्टा. सकाळी वेचलेल्यांचं त्याने काय केलं होतं, हा प्रश्न वेगळा. त्या त्याने भिंतीवरून पलीकडे ओतल्या होत्या.

"तो फेकतोय," तो बायकोला म्हणाला.

"कोण?" बायकोने विचारलं. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, आणि कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुझा दीर. दुसरं कोण आहे पलीकडे?"

"अळ्यांना पाय असतात म्हणे. येत असतील आपापल्या."

"ही बघ, उताणी पडलीये. चालत आलेली अळी उताणी पडते का? तू सांग त्याला."

"जमणार नाही. आजवर पाण्याचा निरोप दिला, गटाराचा दिला, मांजराचा दिला. अळ्यांचा निरोप मी नेणार नाही." एवढं बोलून वहिनी आत गेली.

दोघे भाऊ पाट्या रंगवणारे. वडिलांचाच धंदा, आणि धाकट्याला अक्षर काढायला शिकवलं ते थोरल्याने. वडील गेले तेव्हा दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आधी यावं यावरून दोघांची जुंपली. थोरल्याने आपलं नाव वर लिहिलं, धाकट्याने ते पुसून स्वतःचं लिहिलं, थोरल्याने पुन्हा आपलं. असं करता करता पाटीवर रंगाचे इतके थर चढले की एक दिवस ती स्वतःच्या वजनाने खाली आली. मग दुकान गेलं, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. धाकट्याने लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडचं टपाल एकट्या वहिनीच्या गळ्यात पडलं.

भिंत बांधताना आडवं आलं ते एकच, झाड. बरोबर मधे. गवंड्याने भिंत खोडापाशी थांबवली आणि थोडी फट सोडून खोडाच्या पलीकडून पुन्हा सुरू केली. ते तोडायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं. ओली पाटी उन्हात ठेवली की रंगाला फोड येतात, ती सावलीत वाळावी लागते, असं दोघेही लोकांना सांगत. ते खरंच होतं. पण दोघांचं म्हणावं असं आता तेवढं झाडच उरलं होतं, हेही खरं होतं, आणि थोरला ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे. अळ्या आता तेच खात सुटल्या होत्या. आभाळ मळकट झालेलं, वारा पडलेला, आणि अंगणात दिवसभर वरून बारीक लेंड्या पडत असल्याचा आवाज. ऐकून जीव कातावून जाई.

गुन्हेगाराला मुद्देमालासकट पकडायचं असं थोरल्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने वेचलेल्या प्रत्येक अळीच्या पाठीवर, पट्ट्यावरच, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि मग त्या पलीकडे टाकल्या. ठिपकेवाली अळी परत आली की झालं, पुरावा हातात. ठिपके काही मनासारखे आले नाहीत. त्याचा उजवा हात हल्ली थरथरायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बारीक अक्षरांची कामं तो 'वेळ नाही' म्हणून परत पाठवायचा. वेळ त्याच्याकडे पोत्याने पडला होता. लोक छापील पाट्या लावायला लागल्यापासून कामच कुठे होतं?

अळ्या परत आल्या. पांढऱ्या ठिपक्यासकट आल्या. पण त्या ठिपक्याशेजारी आणखी एक ठिपका होता, तांबडा. गोल, नेटका, मोहरीच्या दाण्यासारखा.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पलीकडचाही पुरावा गोळा करत होता तर! त्याने तांबड्याच्या पुढे पांढरा दिला आणि अळ्या पाठवल्या. त्या पांढऱ्यापुढे तांबडा घेऊन आल्या. मग दोघांनाही थांबता येईना. दुपारी धाकटा झोपला की थोरला फेकायचा, थोरला झोपला की धाकटा. मधे मधे अळ्या पानं खाऊन घ्यायच्या. काही अळ्या तर इतक्या वेळा भिंत ओलांडून आल्या होत्या की त्यांच्या पाठीवर ठिपक्यांची रांगच लागली, आणि तिच्याखाली मूळचा पट्टा दिसेनासा झाला. इतक्या वर्षांत दोघा भावांमधे एवढी देवाणघेवाण झाली नव्हती. जेवता जेवता थोरल्याचं लक्ष भिंतीकडे असायचं. आज काय येतंय, याची तो वाट पाहत होता. तसं कोणी म्हटलं असतं तर मात्र तो अंगावर धावून गेला असता.

झाडाच्या वरच्या फांद्या बोडक्या झाल्या तेव्हा तो भानावर आला. असंच चाललं तर झाड मरेल, आणि त्याला जबाबदार पलीकडचा. भरपूर ठिपक्यांची एक अळी बरणीत घालून तो थेट झाडांच्या सरकारी कार्यालयात गेला.

टेबलामागच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, "पट्ट्याची की ठिपक्यांची?"

"म्हणजे?"

बाईंनी पेनाने भिंतीवरचं चित्र दाखवलं. दोन अळ्या, जुळ्या बहिणी शोभतील अशा. "पट्ट्याची असेल तर काळजी करू नका. पानं खाते आणि जाते, झाडाला परत पालवी फुटते. ठिपक्यांची असेल तर औषध नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. झाड तोडायचं, जाळायचं."

"पट्ट्याची आहे," थोरला म्हणाला. "माझी तक्रार अळीबद्दल नाही, भावाबद्दल आहे."

पण बाईंनी बरणी उघडली होती. त्यांनी भिंग लावलं, आणि खुर्ची मागे सरकवली. "अहो, ही तर ठिपक्यांची! इतकी ठळक मी पुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती."

ते ठिपके रंगाचे आहेत हे सांगायला थोरल्याने तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की पुढचा प्रश्न येणार, कोणी रंगवले? त्याच्या पुढचा, का? साठी उलटलेल्या माणसाने बसून अळ्या रंगवल्या हे परक्या माणसांत कसं सांगायचं? जीभ रेटेना. त्याने तोंड मिटलं, पत्ता सांगितला आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडला.

सकाळी दारात गाडी उभी राहिली. बाई उतरल्या, मागून करवतवाला उतरला. बाईंनी दोन्ही अंगणांतून फिरून फांद्या पाहिल्या. वरची पानं संपल्यामुळे सगळी मंडळी खाली उतरली होती, आणि खाली आलेली एकही ठिपक्याविना सुटली नव्हती.

"सगळं झाड भरलंय," बाई म्हणाल्या. "लाव रे करवत."

खोडाच्या पलीकडे धाकटा उभा होता. केस पांढरे झाले होते त्याचे. थोरल्याला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याला एकदम वाईट वाटलं. दोघे एकमेकांकडे न बघता करवतीकडे बघत राहिले. करवतवाल्याने खोडावर हात ठेवला तेव्हा थोरला पुढे झाला.

"थांबा," तो म्हणाला. "ते पांढरे ठिपके रंगाचे आहेत. मी दिलेत."

"काय दिलेत?"

"ठिपके. अळ्यांना."

"आणि तांबडे मी," धाकटा पलीकडून म्हणाला.

बाईंनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि मग वहिनीकडे, कारण तीच त्यातल्या त्यात शहाणी दिसत होती. वहिनी म्हणाली, "मला विचारू नका. मी हा निरोप घेतलाच नव्हता."

"झाड वाचवायला लोक काहीही सांगतात," बाई म्हणाल्या. "हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं."

थोरल्याने धावत जाऊन टर्पेंटाइन आणलं, एक अळी चिंधीने पुसली. ठिपके गेले, पट्टा गेला, आणि अळीही गेली. बाईंनी मान हलवली.

मग धाकट्याने आपल्या खिडकीमागून एक अळी शोधून आणली. कोरी, पाठीवर सलग पट्टा.

"दोन्ही जाती एकाच झाडावर असू शकतात," बाई म्हणाल्या. "पण ठीक आहे. रंगवलेत म्हणता ना? हिच्यावर काढून दाखवा पांढरा ठिपका. बाकीच्यांसारखा दिसला तर मानते."

थोरल्याने ब्रश घेतला. एवढ्या माणसांचे डोळे हातावर खिळले होते, आणि हात कधी नव्हे इतका थरथरायला लागला. ब्रशचं टोक अळीच्या डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. अळी चालतच होती. शेवटी रंग लागला तो त्याच्याच अंगठ्याला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी रंग अळीच्या डोळ्यांत गेला असावा, कारण ती जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"राहू द्या काका," बाई मऊ आवाजात म्हणाल्या, आणि तो मऊपणा थोरल्याला चाबकासारखा लागला. "तुमच्या हातून हे झालेलं नाही. लाव करवत."

"एक मिनिट," धाकटा म्हणाला. तो खोडाला वळसा घालून, गवंड्याने सोडलेल्या फटीतून अंग चोरत इकडच्या अंगणात आला. त्याने थोरल्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, अळी तळव्यावर ठेवली आणि पाठीवर एक पांढरा ठिपका दिला. जरासा तिरका. एका बाजूला फुगलेला, शेपूट फुटलेला. फांद्यांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या शेजारी ठेवला तर कोणता कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग त्याच्या पुढे दुसरा. तोही तसाच तिरका.

बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "पांढरेही तुम्हीच काढलेत तर."

"हो," धाकटा म्हणाला. "सगळे मीच. दादाला उगाच मधे घेतलं."

"लाज नाही वाटत? या वयात? मुक्या जिवांना रंगवता, वर सरकारी माणसांना धावायला लावता?"

"वाटते ना," धाकटा खाली मान घालून म्हणाला.

बाई आणखी बरंच काही बोलल्या. ते सगळं धाकट्याने ऐकून घेतलं. जाताना त्यांनी थोरल्याला सांगितलं, की भावाकडे जरा लक्ष ठेवा, एकटं राहून माणसाचं असं होतं. गाडी गेली. झाड उभं राहिलं, पण कसलं झाड? वर नुसत्या काटक्या, खाली थोडी चाळण झालेली पानं.

दोघे भाऊ त्याच्याखाली उभे होते. परत जायला धाकट्याला फट दिसेना, की जायचंच नव्हतं, कोण जाणे.

"माझा हात," थोरला शेवटी म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या ठिपक्याला. पहिल्याला वाटलं अळी हलली असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाकडून बोलणार? वहिनीच्या हाती निरोप पाठवायचा, की दादाचा हात थरथरतोय?" धाकट्याने आवाज खाली आणला. "तिला सांगितलं नसशील, म्हटलं. उगाच कळायला नको."

 इतके दिवस थोरला पलीकडे शत्रुत्व पाठवत होता, आणि पलीकडचा ते वाचून गुपित सांभाळत बसला होता. "नाही सांगितलं," तो कुजबुजला. "तिला कळता कामा नये."

"काय कळता कामा नये?" वहिनी दारातून म्हणाली. "हात? दोन वर्षं झाली मला कळून. तेव्हापासून तुमचा चहाचा कप अर्धाच भरते मी."

 थोरल्याने अंगणातलं स्टूल ओढून भावाच्या पुढे सरकवलं आणि स्वतः खोडाला टेकून खाली बसला.

"दोन कप कर," तो म्हणाला. "आज पूर्ण भर."

"सांडेल."

"सांडू दे."